ऑइल प्रेशरचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो: सेन्सर घरी बदलण्यापूर्वी आणि बदलताना

गाडी चांगली गरम झालेली असते, रेल्वे गेटपाशी किंवा सिग्नलला थांबते आणि डॅशबोर्डवरचा ऑइलच्या झारीचा लाल दिवा मिणमिणू लागतो. ॲक्सिलरेटर जरा दाबला की विझतो. गॅरेजमध्ये दाखवल्यावर उत्तर ठरलेले असते, "सेन्सर बदलूया की काका, दिवा जातोय बघा." सेन्सर बदलला जातो, दिवा खरोखरच जातो, आणि काही आठवड्यांनी तोच दिवा त्याच जागी पुन्हा हजर होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यात जुन्या गाड्या वापरणाऱ्यांकडून ही तक्रार सर्रास ऐकू येते. सेन्सर स्वस्त असतो आणि त्याला हात घालणे सोपे असते, म्हणून तोच आधी बदलला जातो. तो घरी कसा बदलावा हे पुढे सविस्तर सांगितले आहे. परंतु एकदा बदललेला सेन्सर तीच तक्रार पुन्हा दाखवत असेल, तर आणखी एक विकत आणण्याआधी ऑइलचा खरा दाब गेज लावून मोजलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी एक गोष्ट निक्षून सांगावी लागते. चालत्या गाडीत हा दिवा लागून राहिला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे; "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असा विचारही करू नये. क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर दाबाने टिकून असतो. तो थर गेला की धातूवर धातू घासतो, आणि पुढे इंजिन जाम होण्यास फार वेळ लागत नाही. इंजिन बंद करून गाडी सपाट जागी उभी करावी, पाच-दहा मिनिटे ऑइल खाली उतरू द्यावे आणि मग डिपस्टिक पाहावी. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर सेन्सरचा विषय तेथेच बाजूला पडतो. ऑइल कोठे गेले हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

हा भाग नेमके काय करतो

आपण ज्याला सरसकट सेन्सर म्हणतो, तो बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत केवळ एक स्विच असतो. त्याला एकच तार येते आणि अर्थ, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, त्याला आट्यांमधून इंजिनच्या ब्लॉककडून मिळतो. आत एक पातळ पडदा, एक स्प्रिंग आणि दोन संपर्कबिंदू असतात. इंजिन बंद असताना संपर्क जुळलेला असतो, म्हणून किल्ली फिरवताच दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब साधारण ०.२ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) पुढे गेला की पडदा उचलला जातो, संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. याचा अर्थ असा की ऑइलचा काहीतरी दाब आहे एवढेच या स्विचला कळते. महामार्गावर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना इंजिनला जो काही बारचा दाब लागतो, तो आहे की नाही हे त्याला मुळीच कळत नाही. म्हणून दिवा विझलेला असणे म्हणजे दाब पुरेसा असणे नव्हे, आणि गरम इंजिनावर तो मिणमिणत असेल, तर दाब त्या अगदी खालच्या मर्यादेपर्यंत उतरल्याची शक्यता धरूनच चालावे.

काही गाड्यांत, विशेषतः ज्यांच्यात काट्याचा किंवा आकड्यांचा गेज असतो त्यांच्यात, तीन तारांचा खरा सेन्सर असतो. एका तारेवर ५ व्होल्ट, दुसरीवर अर्थ आणि तिसरीवर दाबाप्रमाणे बदलणारा, बहुधा ०.५ ते ४.५ व्होल्टमधला संकेत, अशी त्याची रचना असते. अलीकडच्या काही इंजिनांत स्विच असूनही त्याची कार्यपद्धती उलटी असते, म्हणजे दाब आल्यावर संपर्क जुळतो. त्यामुळे खाली दिलेल्या तारेच्या चाचण्या एका तारेच्या साध्या स्विचसाठी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

जाता जाता एक सूचना. जुनी गाडी विकत घेताना इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवून हा दिवा लागतो का, हे न चुकता पाहावे. स्विचचा कपलर (तार जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढून ठेवला की साध्या रचनेच्या गाडीत दिवा कधीच लागत नाही, आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजते.

दिवा कधी लागतो, याची नोंद

दिवा कोणत्या वेळी लागतो हे नीट पाहिले, तर निम्मे निदान गाडीला हात न लावताच होते. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरताना वळणावर किंवा ब्रेक दाबताना दिवा क्षणभर चमकतो आणि सरळ रस्त्यावर विझतो, असे असेल तर ऑइल कमी आहे. चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यातले, ऑइल एका बाजूला सरकते आणि पंपाच्या चाळणीत हवा शिरते. सेन्सर येथे आपले काम चोख करत असतो. याउलट वंटमुरी किंवा तवंदीचा घाट भर उन्हात चढून गेल्यावर, चहासाठी थांबताना, इंजिन स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता चालते त्या कमी फेऱ्यांना) आल्यावरच दिवा मिणमिणत असेल, तर गरम होऊन पातळ झालेल्या ऑइलला इंजिनाची झीज किंवा ऑइलचा चुकीचा ग्रेड (जाड-पातळपणाची प्रत) साथ देत आहे, असे समजावे. गळीत हंगामात चिकोडी-निपाणीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या गिअरमध्ये रांगताना हीच खूण दिसते, कारण इंजिन तापलेले असते, फेऱ्या कमी असतात आणि पंप फेऱ्यांच्या प्रमाणातच ऑइल ढकलतो.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना दिवा तीन-चार सेकंद रेंगाळतो आणि मग दिवसभर दिसत नाही, तर संशय ऑइल फिल्टरवर घ्यावा. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे वाहू न देणारी रबरी झडप असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते, रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी तो भरेपर्यंत दाब येत नाही. आणि दिवा जर कसल्याही फेऱ्यांना, खड्ड्यात आदळल्यावर किंवा पावसात मनमानेल तसा लागत-विझत असेल, तर तारेचा किंवा कपलरचा दोष जवळजवळ नक्की आहे. खानापूर तालुक्यातल्या पावसात चार महिने उघड्यावर उभी राहणाऱ्या गाडीच्या कपलरमध्ये हिरवा गंज चढलेला हमखास सापडतो.

दिव्याबरोबर इंजिनच्या वरच्या भागातून टकटक किंवा खालून ठोकल्यासारखा जड आवाज येत असेल, तर पुढचे काहीही वाचत बसू नये. ती गाडी सुरू न करता ओढूनच न्यावी.

तार आणि स्विच तपासणे

इंजिन बंद, किल्ली चालू, दिवा लागलेला, अशा स्थितीत स्विचचा कपलर काढावा. दिवा विझला पाहिजे. कपलर काढूनही तो लागलेलाच राहिला, तर डॅशबोर्डपासून स्विचपर्यंतची तार कोठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला आलेले उंदीर याच तारा आवडीने कुरतडतात, म्हणून आधी तेथेच पाहावे. पुढे तारेचे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवले की दिवा पुन्हा लागला पाहिजे. लागला नाही तर तार तुटली आहे किंवा दिवा गेला आहे. या दोन चाचण्या उत्तीर्ण झाल्या की वायरिंग निर्दोष ठरते.

मग मल्टिमीटर रोध (ओहम) मोजण्यावर लावून एक टोक स्विचच्या पिनेला आणि दुसरे त्याच्या धातूच्या अंगाला टेकवावे. इंजिन बंद असताना रोध शून्याच्या आसपास असला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो खुला दिसला पाहिजे. हे मोजमाप थंड इंजिनावर एकदा आणि पूर्ण गरम इंजिनावर एकदा घ्यावे, कारण गरम झाल्यावरच बिघडणारे स्विच पुष्कळ असतात. कपलरच्या आत ऑइल दिसले, तर मात्र चर्चाच नको. पडदा फाटला आहे आणि स्विच बदललाच पाहिजे. तसे करताना कपलरमधले ऑइल स्वच्छ पुसून घ्यावे, नाहीतर ते तारेच्या आतून वर चढत राहते.

बाहेरून ओला दिसणारा प्रत्येक स्विच गळका असतो, असेही नाही. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या (टॅपेट कव्हरच्या) पॅकिंगमधून झिरपलेले ऑइल ब्लॉकवरून ओघळत नेमके स्विचवर येऊन थांबते. ती जागा पुसून कोरडी करावी, गाडी थोडी फिरवावी आणि ओल वरून येते की स्विचच्या बुडातून, हे टॉर्च लावून पाहावे.

खरा दाब मोजणे

स्विच काढून त्याच्याच जागी दाबाचा गेज लावायचा, इतकी ही साधी चाचणी आहे. तरी ती सहसा कोणी करत नाही, कारण जोडणीचा तुकडा हाताशी नसतो. बेळगावकरांना या बाबतीत सबब नाही. उद्यमबागेच्या आसपास हायड्रॉलिकचे काम करणारी आणि होज बनवून देणारी दुकाने आहेत. जुना स्विच हातात घेऊन गेल्यास त्याच आट्यांचा ॲडॉप्टर आणि फूटभर होज मिळू शकते. गेज मागताना मात्र ० ते १० बारचाच मागावा. हायड्रॉलिकवाल्याकडे सहजी पुढे येतो तो २५० किंवा ४०० बारचा गेज, आणि त्यावर १ बार म्हणजे काटा जागचा हललेलाही दिसत नाही. काही गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर अशा खुणा असतात. आपल्या कामापुरते ते आणि बार एकच समजले तरी चालते.

होज सायलेन्सरच्या पाइपाला आणि फॅनबेल्टला लागणार नाही अशी बांधावी, इंजिन सुरू करून जोडणी गळत नाही ना हे पाहावे आणि रेडिएटरचा पंखा एक-दोन वेळा लागून बंद होईपर्यंत इंजिन तापू द्यावे. थंड इंजिनाचा आकडा नेहमीच देखणा असतो, त्यावर विसंबू नये. गरम झाल्यावर स्लोला किती आणि तीन हजार फेऱ्यांना किती, असे दोन आकडे वहीत लिहावेत. नेमकी मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असते, तीच प्रमाण मानावी. पण सर्वसाधारणपणे गरम इंजिनाला स्लोवर १ बारच्या आसपास आणि दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार, असा जुना ठोकताळा मेकॅनिक वापरतात. स्लोवरचा दाब पुरेसा असूनही दिवा मिणमिणत असेल, तर दोष निःसंशय स्विचचा आहे आणि तो निर्धास्तपणे बदलावा. गेजचा काटाच ०.३ वर लोळत असेल, तर दिवा खरे बोलत आहे.

बदलण्याचे काम

स्विच बहुधा ऑइल फिल्टरच्या शेजारी ब्लॉकवर असतो. काही इंजिनांत तो हेडच्या टोकाला किंवा इनटेकच्या मागे दडलेला असतो. इंजिन थंड झाल्यावरच काम सुरू करावे आणि बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. खालून हात घालावा लागणार असेल, तर गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कदापि जाऊ नये. घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात, मागच्या चाकांना दगड द्यावेत, आणि अंगणात आपली लाल माती असेल तर जॅकखाली आणि घोड्यांखाली जाड फळी टाकावी, कारण पावसाळ्यात ती माती वरून टणक दिसते आणि वजन पडताच खचते.

ऑइल काढण्याची गरज नसते. इंजिन बंद असताना त्या मार्गात दाब नसतो, त्यामुळे स्विच काढल्यावर सहसा चार-सहा चमचे ऑइल येते, फार तर थोडे अधिक. खाली भांडे आणि हाताशी चिंधी असली की पुरे. कपलरची जीभ दाबून तो काढावा. वर्षानुवर्षे तापलेले प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून तार धरून ओढू नये. स्विच सोडवण्यासाठी खोल सॉकेट लागते. पुष्कळ गाड्यांना २४ किंवा २७ मिलिमीटरचे बसते. चप्पट पान्याने कोपरे गोल होण्याची शक्यता मोठी असते आणि एकदा ते गोल झाले की पाइप पान्याची वेळ येते. काढण्यापूर्वी भोवतालची माती ब्रशने झाडून घ्यावी, म्हणजे ती भोकात जाणार नाही.

आता येतो तो टप्पा, ज्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचे बीज अनेकदा पेरले जाते. नवा स्विच आणि जुना स्विच शेजारी धरून आटे तपासावेत. जपानी बनावटीच्या इंजिनांत बहुधा १/८ इंची बीएसपीटी, म्हणजे इंचाला २८ आटे असलेला निमुळता नमुना असतो. अमेरिकी बनावटीचा एनपीटी नमुना इंचाला २७ आट्यांचा असतो. आणि काही युरोपीय गाड्यांत एम १० बाय १ हा सरळ नमुना असतो. तिन्हींची जाडी डोळ्यांना जवळजवळ सारखी दिसते आणि चुकीचा स्विचही दोन-तीन वेढे सुखाने आत जातो. त्यानंतर तो अडतो, आणि "जरा घट्ट आहे" म्हणून पान्याने रेटला की ॲल्युमिनियमच्या घरातले आटे मरतात. नवा स्विच बोटांनी जुन्याइतकाच सहज आत गेला पाहिजे, ही सर्वांत भरवशाची कसोटी आहे.

नळाला लावतात ती पांढरी टेप येथे लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिचे दुष्परिणाम दोन आहेत आणि ते परस्परांच्या उलट दिसतात. एका तारेच्या स्विचला अर्थ आट्यांतूनच मिळत असल्यामुळे टेपने तो कच्चा होतो. मग खरोखर दाब गेला तरी दिवा लागणार नाही, आणि ही स्थिती दिवा उगाच लागण्यापेक्षा कितीतरी धोक्याची आहे. दुसरे म्हणजे टेपचा एखादा धागा आत तुटून पडला, तर तो स्विचचे बारीक भोक बुजवतो, नव्या स्विचपर्यंत दाब पोहोचत नाही आणि दिवा पुन्हा लागतो. एका परिचितांच्या गाडीत हेच झाले होते. जुना स्विच काढल्यावर त्याच्या तोंडाशी काळी पडलेली, केसासारखी पिंजलेली टेप गुंडाळलेली होती, आणि टाचणीने ती ओढून काढल्यावर जो स्विच निकामी म्हणून टाकून द्यायचा होता, तोच मल्टिमीटरवर व्यवस्थित चालू लागला.

निमुळत्या आट्यांना ऑइल सहन करणारे द्रव थ्रेड सीलंट लावावे, तेही टोकाचे पहिले एक-दोन आटे मोकळे सोडून. नव्या स्विचच्या आट्यांवर कारखान्यातूनच रंगीत लेप दिलेला असेल, तर वर काहीच लावू नये. सरळ आट्यांच्या स्विचला तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर असते. तेथे सीलंट नको, पण वॉशर मात्र नवे घ्यावे. घट्ट करण्याचे माप मॅन्युअलमध्ये पाहावे. १/८ इंची स्विचसाठी ते बहुधा १२ ते १८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. सॉकेटच्या लांब दांड्यावर जोर देणारा माणूस सहज याच्या दुप्पट पिळतो, आणि मग स्विचच्या अंगाला चीर जाते किंवा घर फुटते.

तरीही दिवा आला तर

गेजने दाब खरोखर कमी दाखवला असेल, तर सेन्सर बदलत राहणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. शोध स्वस्ताकडून महागाकडे न्यावा. प्रथम ऑइल आणि फिल्टर बदलावे आणि मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच घालावा. दिवा दिसू नये म्हणून २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल ओतण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. त्याने दिवा काही काळ विझतो हे खरे. पण झीज तशीच राहते, आणि पातळ ऑइलसाठी घडवलेल्या नव्या इंजिनांत ते थंडीच्या सकाळी वरपर्यंत पोहोचण्यास उशीर लावते.

डिझेल गाडीत डिपस्टिकवरची पातळी वाढत चालली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर कारण वेगळे आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याच्या प्रक्रियेत जादा डिझेल सोडले जाते. टिळकवाडी ते कॅम्प अशा लहान फेऱ्यांत ती प्रक्रिया अर्धवट राहते आणि त्यातले काही डिझेल चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करते. अशा गाडीला ऑइल बदलून मधूनमधून महामार्गावर सलग अर्धा-पाऊण तास पळवणे, हाच उपाय लागू पडतो.

यानंतर चेंबर उघडून पंपाची चाळणी पाहावी लागते. ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनांत तिच्यावर काळ्या गाळाचा थर असतो, आणि पूर्वी चेंबर उघडून सिलिकॉन सढळ हाताने लावले गेले असेल, तर त्याचे तुकडेही तेथेच अडकलेले सापडतात. चाळणी स्वच्छ निघाली, तर पंपाची रिलीफ झडप, पंप आणि शेवटी बेअरिंग असा क्रम लागतो. हे काम घरच्या अंगणात करण्याचे नाही. ते करणाऱ्या मेकॅनिकपुढे मात्र "दिवा लागतोय" एवढेच न सांगता वहीतले आकडे ठेवावेत: गरम इंजिन, स्लोला इतके, तीन हजारांना इतके, ऑइल अमुक ग्रेडचे, शेवटचे अमुक किलोमीटरला बदललेले. एवढी माहिती समोर असली की चौथा सेन्सर सुचवण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

नवा स्विच बसवल्यावर सीलंटच्या नळीवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पाळावा, बॅटरी जोडून किल्ली फिरवावी आणि दिवा लागल्याची खात्री करूनच इंजिन सुरू करावे. दिवा विझल्यावर बुडाशी ओल येते का हे लगेच पाहावे, इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा पाहावे आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी पुठ्ठ्यावर ठिपका दिसला, तरी निमुळता स्विच तसाच आणखी पिळू नये. तो काढून, आटे पुसून, सीलंट पुन्हा लावूनच बसवावा, आणि सांडलेल्या ऑइलइतके ऑइल डिपस्टिक पाहून वरून भरावे.